पांढऱ्या साडीची आठवण कोणाला येते?

१२ मे २०२५ रोजी बुद्धपौर्णिमा आणि जागतिक परिचारिका दिन एकाच दिवशी आले. सकाळी आम्ही विहारात वंदनेला होतो. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, आणि पोरं आईने नीळ घालून पांढरे केलेले कपडे पहिल्या अर्ध्या तासात मळवून मोकळी. दुपारी त्याच कपड्यांत आम्ही मुळशी तालुक्यातल्या एका रुग्णालयात गेलो. आमच्या वस्तीतल्या दोन मुली तिथे सिस्टर आहेत, त्यांनी परिचारिका दिनाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं.

कार्यक्रम नेहमीसारखाच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार, मेणबत्त्या, प्रत्येक सिस्टरला एक गुलाब. मग प्रमुख पाहुणे बोलायला उठले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा की पूर्वी पांढरी साडी, पांढरी टोपी घातलेली सिस्टर दिसली की रुग्णाचा अर्धा आजार पळायचा. आता सगळ्या पँट-शर्टात. कोण डॉक्टर, कोण सिस्टर आणि कोण आया, काही ओळखूच येत नाही. आपली परंपरा आपणच सोडली. टाळ्या पडल्या. आमच्या दोघी मुलींनीही वाजवल्या, नोकरी आहे.

त्या भाषणाच्या वेळी दाराशी एक मावशी उभ्या होत्या. निळी साडी, वर कंत्राटदाराच्या नावाचं जाकीट, हातात चहाचा ट्रे. त्यांना खुर्ची नव्हती आणि गुलाबही नव्हता, कारण त्या 'नर्सिंग'मध्ये मोडत नाहीत. अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच प्रसूतिगृह धुतलं होतं. आमच्या मुलीने नंतर सांगितलं, उघड्या हातांनी.

पाहुण्यांच्या भाषणातलं आम्हाला खटकलं ते शेवटचं वाक्य, ओळखू येत नाही हे. साडीचं प्रेम हे वरवरचं. कपड्यावरून माणसाची पायरी लांबूनच कळावी, ही त्याखालची खरी इच्छा. आणि ही इच्छा ज्या महाराष्ट्रात व्यक्त होते, त्या महाराष्ट्रात आमच्या पूर्वजांच्या अंगावर काय चढवलं होतं हे आम्हाला कोणी सांगायची गरज नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं, असा दंडक होता. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली बाबासाहेबांनी त्याची नोंद केली आहे. त्याच ठिकाणी मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधण्याच्या सक्तीचाही उल्लेख आहे. चुकून स्पर्श होऊन सवर्ण बाटू नये म्हणून ही खूण. म्हणजे गणवेशच तो. ज्याच्या अंगावर आहे त्याच्या सोयीसाठी नेमलेला नाही, समोरून येणाऱ्याच्या सोयीसाठी नेमलेला.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचं दहन झालं हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, हे कमी सांगितलं जातं. जातीची ओळख पटवणारं गुडघ्यापर्यंतचं आखूड लुगडं सोडा, पायघोळ नेसा, गळ्यातले आणि हातातले जड दागिने टाका, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी नेसण्याची पद्धत तिथेच, लगेच बदलली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून या बायकांना इतिहासात जागा दिली. एम.ए.च्या वर्गात आम्हाला एम. एन. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरण शिकवलं गेलं. खालच्या जाती वरच्यांचं अनुकरण करतात, वगैरे. महाडच्या साडीला ते नाव लावण्याचा मोह प्राध्यापकांना व्हायचा. आमचं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे की ते अनुकरण नव्हतं. अंगावर ठोकलेली पाटी उखडून टाकणं होतं ते. पाटी काढली की माणूस शेजारच्यासारखा दिसू लागतो आणि शेजाऱ्याला वाटतं आपली नक्कल झाली.

आता नर्सच्या कपड्याकडे येऊ. जिला परंपरा म्हणतात ती किती जुनी? १८५४ मध्ये नाइटिंगेल क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची सेवा करायला गेल्या तेव्हा त्यांच्या सोबतच्या नर्सच्या अंगावर राखाडी रंगाचे ढगळ झगे होते आणि खांद्यावर रुग्णालयाचं नाव शिवलेली पट्टी. छावणीतल्या पुरुषांना कळावं की ही बाई रुग्णालयाची आहे, तिच्या वाटेला जायचं नाही. डोक्यावरचं आच्छादन ख्रिस्ती जोगिणींकडून आलं, तसंच 'सिस्टर' हे संबोधनही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांची प्रशिक्षण शाळा निघाली, पुढे प्रत्येक शाळेची टोपी आणि पट्टे वेगळे झाले. जंतूंचं शास्त्र रुजल्यावर पांढरा रंग पक्का झाला, कारण त्यावर डाग लपत नाही. इंग्रजांबरोबर हे सगळं आपल्याकडे आलं आणि झग्याच्या जागी साडी बसली. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्षात येत गेलं की खळ घालून कडक केलेल्या टोपीने जंतूंपासून काही संरक्षण मिळत नाही. पाश्चात्त्य देशांत टोपी गेली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ मध्ये कोपराखाली काहीही नको असा दंडक आणला. बाही नको, घड्याळ नको, कारण हात कोपरापर्यंत नीट धुता आला पाहिजे. डॉक्टरांचा लांब बाह्यांचा पांढरा कोटसुद्धा त्यात गेला. म्हणजे ज्यांच्याकडून आपण ही 'परंपरा' उसनी घेतली त्यांनी ती केव्हाच मोडीत काढली. आपण मात्र ती आपल्या संस्कृतीची म्हणून छातीशी धरून बसलो आहोत.

आणि पांढऱ्या साडीचं आपल्या समाजात काय होतं? हिंदू घरात पांढरी साडी विधवेची. आमच्या वस्तीशेजारच्या एका बाईने, ज्यांनी जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या उपकेंद्रांत तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून काढली, आम्हाला सांगितलं की लग्नघरासमोरून जाताना त्यांना पुढच्या दाराने येऊ देत नसत. पांढऱ्या साडीचा अपशकुन. बाळंतीण अडली की तीच साडी मागच्या दाराने आत घेतली जायची. आमच्यासाठी पांढरा रंग १४ ऑक्टोबर १९५६चा आहे. नागपूरला लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली आणि माणूस होऊन परतली. त्यामुळे पांढऱ्या साडीशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते ती कोणाला द्यायची, कोणाला नाही, आणि तिच्याबरोबर काय द्यायचं नाही, याच्याशी.

कोणत्याही रुग्णालयाच्या दारात तासभर उभं राहा. पांढरा कोट, पांढरा किंवा निळसर सलवार-कमीज, खासगीत गडद रंगाचा पँट-शर्ट आणि त्यावर कंपनीचं चिन्ह, मग मावशींची निळी किंवा हिरवी साडी, मामांचा खाकी सदरा, आणि सर्वांत खाली सफाई कामगाराचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. ही उतरंड आहे. बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं आणि ती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे असं दाखवून दिलं. रुग्णालय हे त्याचं पाठ्यपुस्तक आहे. घाण एकच. रक्त, लघवी, वार, पू. ती घाण जितक्या जवळून हाताळावी लागते तितका पगार कमी, रंग गडद आणि आडनावं आमच्या ओळखीची. बाळंतपणात नाळ कापणं विटाळाचं मानलं गेलं, म्हणून गावगाड्यात सुईणपण मातंग समाजातल्या बायकांकडे आलं. ज्ञान त्यांचं, हात त्यांचे, आणि बाटलेल्याही त्याच. पुढे आधुनिक नर्सिंग आलं तेव्हा सवर्ण घरांनी मुली पाठवायला नकार दिला. परपुरुषाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, छे. १९४६ च्या भोर समितीने नोंदवलं की देशात साधारण ४३,००० लोकांमागे एक नर्स आहे. या तुटवड्याचं कारण पैशाइतकंच विटाळातही होतं.

स्वतंत्र भारताने यातलं काय बदललं? केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशात नर्सना पोशाख भत्ता महिना १,८०० रुपये धरला, म्हणजे वर्षाला २१,६००. गणवेश घालाव्या लागणाऱ्या खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ५,०००. नर्सला जास्त मिळतं याबद्दल आमची तक्रार नाही. नर्सला मिळतं तेही तिने मोर्चे काढून मिळवलेलं आहे. पण ज्याचे कपडे जास्त घाण होतात त्याला चौथा हिस्सा, हे गणित कोणत्या शास्त्रात बसतं? आणि हे झालं कायम नोकरीतल्यांचं. कंत्राटी मावशीला भत्ता नाहीच. आम्ही ज्या तिघींशी बोललो त्या तिघींच्या पहिल्या पगारातून कंत्राटदाराने त्या जाकिटाचे पैसे कापले होते. ६ सप्टेंबर २०२३ चा बाह्यस्रोत भरतीचा शासन निर्णय ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात रद्द करावा लागला, त्याचा आनंद आम्हीही केला. पण रुग्णालयातली चतुर्थ श्रेणीची कामं त्याआधीपासूनच कंत्राटात गेली आहेत. तिथे आरक्षण नाही. गंमत बघा, आरक्षण नसूनही त्या जागांवर आमचीच माणसं आहेत. त्यासाठी स्पर्धा करायला कोणी येत नाही, गुणवत्तेचा मुद्दाही कोणी काढत नाही.

हातमोज्यांबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण आमच्या मते खरी गोष्ट तिथे आहे. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजा वापरात आला तो रुग्णासाठी नव्हे, एका नर्सच्या हातांसाठी. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या नर्सचे हात जंतुनाशकातल्या पाऱ्याच्या क्षाराने सोलून निघत होते. १८८९-९० च्या सुमारास तिथले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे बनवून घेतले. काम करणाऱ्या बाईच्या कातडीची किंमत कोणीतरी ओळखली, म्हणून ही वस्तू जन्माला आली. (पुढे त्या दोघांनी लग्न केलं, त्यामुळे गोष्ट प्रेमाची म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती कामगाराच्या सुरक्षेची वाटते.)

आपल्याकडे याच मोज्याने काय केलं? एक, तो वरून खाली वाटला गेला आणि खाली पोचेपर्यंत संपला. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी प्रत्येक कचऱ्याला रंगाची ओळख दिली. त्याच नियमांत कचरा हाताळणाऱ्याला संरक्षक साधनं आणि हेपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस द्यायला सांगितलं आहे. पिशव्यांचे रंग सगळीकडे पाळले जातात, तपासणी होते ना. मावशीला आम्ही विचारलं, काविळीच्या लशीचे तीन डोस झाले का? त्या म्हणाल्या, "कोरोनाचं झालं की ताई." सुई टोचली तर काय करता? "पिळून रक्त काढते आन् साबणाने धुते." एचआयव्हीची शक्यता असेल तर ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांतच औषध सुरू करायचं असतं, टोचलेली जागा पिळायची नसते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्या जाकिटावर कंत्राटदाराचा फोन नंबर आहे. तो कधी उचलला जात नाही.

दोन, आणि हे जास्त कडू आहे, मोजा अस्पृश्यतेचं हत्यार झाला. आम्ही लसीकरणाच्या आणि तपासणीच्या शिबिरांत मदतीला जातो. एका शिबिरात आम्ही पाहिलं, गावठाणातल्या बायकांना तपासताना उघडे हात, आणि कातकरी वाडीची रांग सुरू झाली की मोजे. मागची पुढची तपासणी एकच, पोटावरून हात फिरवून बाळाची ठेवण बघायची. आम्ही विचारलं तर उत्तर आलं, "त्या अंघोळ करून येत नाहीत." धरणाच्या पाण्यात ज्यांची जमीन बुडाली त्या तालुक्यात पाण्यावरून हे ऐकायचं. संघमित्रा आचार्य यांनी २०१०च्या अभ्यासात गुजरात-राजस्थानातल्या दलित मुलांना आरोग्यसेवेत औषध देताना, तपासताना स्पर्श कसा टाळला जातो ते मांडलं होतं. आम्हाला ते वाचताना नवल वाटलं नव्हतं.

१९८० च्या दशकात एड्सच्या भीतीतून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एक साधा नियम मांडला. रक्त कोणाचंही असो, संसर्गित आहे असंच धरून चालायचं. चेहरा, वस्ती, पेशा बघून खबरदारी कमीजास्त करायची नाही. आजही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हा नियम शिकवतात. आम्हाला तो समतेचा नियम वाटतो. सगळ्यांना घातले तर मोजे शास्त्र, निवडून घातले तर जात.

इथे आमचेच काही मित्र म्हणतील, सावित्रीमाईंनी मोजे घातले होते का? १८९७च्या प्लेगमध्ये हडपसरजवळ ससाणे मळ्यात यशवंतरावांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या पोराला माईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. पोरगा वाचला, माई १० मार्चला गेल्या. हे सांगताना आमचा कंठ दाटतो आणि दाटलाच पाहिजे. पण परिचारिका दिनाच्या व्यासपीठावर सावित्रीमाईंचं नाव घेऊन नर्सना त्याग शिकवणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. माई मेल्या कारण प्लेगवर औषध नव्हतं आणि इतर कोणी त्या पोराला हात लावायला तयार नव्हतं. तो त्या काळावरचा ठपका आहे, आजच्या नोकरीची अट नाही. २०२०च्या मार्चमध्ये पुण्याच्या नायडू रुग्णालयात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण दाखल झाले, तिथल्या एका सिस्टरला पंतप्रधानांनी स्वतः फोन केला. देशाने थाळ्या वाजवल्या, ३ मेला हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. त्याच दिवसांत देशात काही ठिकाणी संरक्षक पोशाखाऐवजी रेनकोट वाटले जात होते. फूल स्वस्त पडतं.

मुळशीकडे वळतो. या तालुक्याचं एक टोक हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत आणि दुसरं ताम्हिणीच्या धुक्यात. पौडपलीकडे जसजसं जावं तसा पाऊस वाढतो आणि एसटी कमी होते. डोंगरी भागात साधारण ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, तिथे एक आरोग्यसेविका. जुलैत तिच्या दिवसाचं सामान बघा. बर्फाच्या लाद्या घातलेला लशीचा डबा, रक्तदाबाचं यंत्र, हिमोग्लोबिनची तपासणी पेटी, बाळाचं वजन करायचा झोळीचा काटा, सुया तोडायचं यंत्र, नोंदवह्या, आणि नोंदवह्यांतलंच पुन्हा भरायला मोबाईल किंवा टॅब. अंगात साडी. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, मग निऱ्या धरायला तिसरा हात कुठून आणायचा? वाडीपर्यंतची पायवाट शेवाळलेली. पायात ती स्वतःच्या पैशाने घेतलेली प्लॅस्टिकची चप्पल, कारण साधनांच्या यादीत बूट कधी नव्हतेच. आशाताईंचं तर त्याहून वेगळं. २००५ मध्ये योजना आली तेव्हापासून त्या 'स्वयंसेविका' आहेत. साडी सरकारी, ओळखपत्र सरकारी, हजेरी सरकारी, फक्त पगार नाही, मोबदला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी जून २०२१ मध्ये, कोरोनाच्या धामधुमीत, महाराष्ट्रातल्या आशांना संप करून १,५०० रुपयांची वाढ मिळवावी लागली होती, त्यातले ५०० कोरोनाचा भत्ता म्हणून. गणवेश दिला की माणूस आपला झाला असं दाखवता येतं, आणि कामगार मानायची वेळ आली की तोच गणवेश सेवेचा, हौसेचा होतो.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. आम्ही गणवेशच नको म्हणत नाही. आमच्या वस्तीतल्या मुलीने सांगितलेलं आम्ही विसरू शकत नाही. साध्या कपड्यांत ती ज्या घराच्या ओट्यावर उभी राहते, गणवेशात त्याच घराच्या माजघरात जाते. बीपी बघायला हात पुढे होतो, पाणी तांब्यात मिळतं, कपात नाही. आडनाव विचारायच्या आधी कपडा बोलतो. आमच्या आज्यांच्या अंगावरचा कपडा त्यांना बाहेर ठेवायचा, नातीच्या अंगावरचा तिला आत नेतो. हे मोठंच आहे. पण त्यासाठी साडी कशाला हवी? तेच काम सदरा-पायजम्यासारखा सुटसुटीत पोशाख करतो, ज्यात पळता येतं, पडलेल्या रुग्णाला उचलता येतं, स्कूटर चालवता येते. पुरुष परिचारकाला कोणी धोतर नेसायला सांगितलं नाही.

सगळ्यांना एकच कपडा हा विचार आम्हाला परका नाही. भिक्खूचं चीवर म्हणजे चिंध्या जोडून शिवलेलं वस्त्र. त्याची ठेवण मगधातल्या भातखाचरांच्या बांधांवरून आनंदांनी बेतली, असं विनयात आहे. शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकत्र संघात आले, तेव्हा उपालीला आधी दीक्षा दिली गेली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वाकून नमस्कार करावा. चीवरावर कोणाचीही पायरी शिवलेली नव्हती. तोच विनय अशीही कथा सांगतो की अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी बघत नव्हतं. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं आणि उचलून बिछान्यावर ठेवलं. नंतर इतरांना विचारलं, याची सेवा का केली नाही? उत्तर मिळालं, तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. संघाचा शास्ता स्वतः हातात पाणी घेऊन उभा आहे, मावशीला बोलवा असं म्हणत नाही. १२ मेला त्या रुग्णालयात ही गोष्ट सांगायला हवी होती. आम्हाला बोलायला दिलं असतं तर सांगितली असती.

आणि कपड्याबद्दल बोलायचंच असेल तर तो बदलायच्या जागेबद्दल बोला. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग काम संपवून गणवेश बदलायला रुग्णालयाच्या तळघरात गेल्या होत्या, तिथे त्यांच्यावर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. (तो सफाई कर्मचारी होता हे आम्ही लपवत नाही. कनिष्ठ जागेवरचा पुरुषही पुरुषसत्तेचा वारस असतो.) ४२ वर्षं केईएमच्या नर्सनी त्यांना सांभाळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीची तरुण डॉक्टर विश्रांतीला सेमिनार हॉलमध्ये गेली आणि पुन्हा तेच. मधल्या अर्धशतकात दार लागणारी, कडी असणारी, दिवा असणारी खोली आपल्याला देता आली नाही. आमच्या तालुक्यात आम्ही पाहिलेल्या एका उपकेंद्रात सेविका औषधांच्या कपाटामागे साडी बदलते, खिडकीला जुनी चादर. मळलेला गणवेश पिशवीत घालून घरी नेते आणि पोरांच्या शाळेच्या कपड्यांबरोबर धुते, कारण शस्त्रक्रियेच्या चादरींना धुलाई आहे, नर्सच्या अंगावरच्या कपड्याला नाही.

दोष द्यायची वेळ आली की मात्र गणवेश लगेच ओळखू येतो. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बाळं गेली, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला अतिदक्षता विभागात ११ रुग्ण. भंडाऱ्यात परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरला एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकांना अटक झाली. आग विझवण्याची यंत्रणा बसवणं परिचारिकेच्या कामात कधीपासून आलं, हे तेव्हा फार थोड्यांनी विचारलं.

आम्ही एवढंच केलं आहे. रुग्ण कल्याण समितीला आणि तालुका आरोग्य कार्यालयाला अर्ज दिला आहे. गेल्या वर्षभरात किती हातमोजे आले, कोणत्या मापाचे आले, कोणाला किती वाटले, कंत्राटी कामगारांपैकी किती जणांना हेपॅटायटिस बीची लस दिली, आणि उपकेंद्रांच्या अबंधित निधीतून बूट, रेनकोट आणि खिडकीचा पडदा घ्यायला काय अडचण आहे, हे विचारलं आहे. मापाचं मुद्दाम विचारलं, कारण मावशींनी एक गोष्ट सांगितली. मोजे अगदीच मिळत नाहीत असं नाही, अधूनमधून येतात. पण येतात ते पुरुषाच्या हाताचे. त्यांच्या लहानशा हातातून ते निसटतात, ओल्या फरशीवर बादली सुटते, म्हणून त्या काढून ठेवतात. मग तपासणीला आलेला माणूस लिहून जातो की साधनं उपलब्ध आहेत, कर्मचारी वापरत नाहीत.

उत्तर आलं की इथेच टाकू. मुळशीतल्या आणि शेजारच्या मावळ, वेल्ह्यातल्या साथींनी आपापल्या उपकेंद्रासाठी हाच अर्ज करावा, मसुदा मागितला तर पाठवू. जय भीम.